केळीचा कंद आणि हाडातला मगज

श्रोतेहो, अर्धापूर म्हटले की केळी आलीच. आजचा विषय मात्र वैद्यकातला आहे. मूळपेशींचा उपचार, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणतात तो. नाव अवघड वाटते खरे; पण ज्याने केळीची बाग केली आहे, त्याला यातले मर्म समजायला वेळ लागू नये.

केळीचे जे खोड आपण पाहतो ते खरे खोड नव्हेच. ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. या कंदाच्या कोंभात अगदी टोकाला ज्या पेशी असतात, त्या अजून कोवळ्या असतात. पान व्हायचे की मूळ, हे त्यांचे ठरलेले नसते. पूर्वी आपण मुनवे काढून लावीत होतो. आता पुष्कळजण उतिसंवर्धनाची रोपे आणतात. ती याच पेशींच्या जोरावर तयार होतात. कोंभाचा इवलासा तुकडा साखर, क्षार आणि वाढीची द्रव्ये घातलेल्या बाटलीत ठेवला, की त्याला कोंभामागून कोंभ फुटतात. एका तुकड्यातून शेकडो रोपे उभी राहतात.

माणसाच्या शरीरातही अशा कोवळ्या पेशी आहेत. त्यांनाच मूळपेशी म्हणायचे. त्यांचे गुण दोन. एक, स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करणे. आणि दोन, गरजेप्रमाणे निराळ्या कामाची पेशी होणे. मात्र केळीच्या तुकड्यातून अख्खी केळ उभी राहते, तसे मोठ्या माणसाचे होत नाही बरं. कातडीतली मूळपेशी कातडीच भरून काढते, हाडाच्या मगजातली रक्तच तयार करते. तेही काम थोडे नव्हे. तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते. म्हणून आपला मगज रोज जवळजवळ 20 हजार कोटी नव्या तांबड्या पेशी घडवीत असतो.

मगजात अशा पेशी आहेत, हे कॅनडातील टिल आणि मॅकलक या दोघा शास्त्रज्ञांनी 1961 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. मगज बदलण्याच्या उपचाराबद्दल डॉ. डॉनल थॉमस यांना 1990 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली हा उपचार सुरू झाला.

तो करतात कसा? आधी तीव्र औषधांनी रोग्याचा बिघडलेला मगज नष्ट करतात. मग दात्याच्या मूळपेशी, रक्त चढवतात तशाच, शिरेतून देतात. नवल असे की त्या आपली वाट आपणच शोधून हाडात जाऊन बसतात, आणि साधारण दोनचार आठवड्यांत नवे रक्त करू लागतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रोगांत यामुळे कित्येकांचे प्राण वाचले आहेत.

पण जोखीमही आहे. दाता जुळावा लागतो. सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. दात्याच्या पेशी कधी रोग्याच्याच शरीरावर उलटतात. जंतुसंसर्गाचे भय असते. म्हणून हे काम मोठ्या, सुसज्ज रुग्णालयातच व्हावे.

आता सांगायचा मुद्दा. या खऱ्या उपचाराच्या नावावर खोटी आशाही विकली जाते. लकवा, मधुमेह, गुडघेदुखी, मुलांमधील स्वमग्नता, सगळ्यांवर एकच इंजेक्शन! घरातले माणूस अंथरुणाला खिळले, की आईबाप शेत गहाण टाकायलाही मागेपुढे पाहत नाहीत. त्यांना दोष कोण देईल? पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितले आहे, की रक्ताच्या व तत्सम काही ठरावीक रोगांवरील मूळपेशी-रोपण सोडले, तर बाकीचे उपयोग अजून प्रयोगाच्या पायरीवर आहेत आणि ते रीतसर मंजूर झालेल्या चाचणीतच व्हावेत. अशा चाचणीत रोग्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. हे एवढे जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

नाळेचे रक्त खाजगी पेढीत ठेवण्याबद्दलही विचारणा होते. पुढे बाळालाच त्याचा उपयोग होण्याचा संभव फारच थोडा. कारण रोग आनुवंशिक असेल, तर त्याचा दोष त्या रक्तातही असतोच. परिषदेने अशा खाजगी साठवणीची शिफारस केलेली नाही.

तेव्हा कोणी मूळपेशींचे इंजेक्शन सुचवले, तर भिडेला बळी पडू नका. विचारा: डॉक्टरसाहेब, हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिची नोंदणी कुठे आहे? मग पैसे कशाचे? उत्तर कागदावर मागा, आणि ते कागद घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्या. रोप घेताना आपण रोपवाटिकेची चौकशी करतो, पावती मागतो. मग घरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना संकोच कसला?