नित्याच्या इंग्रजी शब्दांचे गणगोत



इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभाराचे लांबण न लावता वर्गातल्या एका प्रश्नाकडे वळतो. ‘नी’ म्हणजे गुडघा, तर त्याच्या आधी ‘के’ कशाला? ‘नाइट’मध्ये ‘जीएच’ कशाला? मुले विचारतात आणि आपण सांगतो, ते अक्षर सायलेंट आहे, पाठ करा. हे उत्तर मुलांच्या बुद्धीवर अन्याय करते, असे माझे ठाम मत आहे.

ती अक्षरे एके काळी उच्चारली जात होती. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो, रात्रीला ‘नाख्ट’, उजेडाला ‘लिख्ट’, मुलीला ‘टोख्टर’. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे स्पेलिंग गोठत गेले. तोंडातले ध्वनी गळाले, कागदावरची अक्षरे राहिली.

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक आजच्या डेन्मार्क व उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून ब्रिटनमध्ये आले, ते आपल्या बोली घेऊनच. १०६६ नंतर नॉर्मन सत्तेबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. दरबार आणि न्यायालय त्याने व्यापले. पण घर, पाणी, हात, आई, खाणे, पिणे, झोपणे यांचे शब्द जुनेच राहिले. आजही इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे शंभर शब्द काढले, तर ते जवळजवळ सगळे जर्मानिक कुळातले निघतात. त्यातले ‘दे’ हे सर्वनाम व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आले. सर्वनामे सहसा कोणी उसनी घेत नाही. इथे ती रुळली, याचे मोठे कारण या दोन भाषा चुलतबहिणी होत्या.

इंग्रजी आणि जर्मन यांचे नातेही असेच, आणि ते शिस्तीचे आहे. इंग्रजीतल्या ‘ट’च्या जागी जर्मनमध्ये ‘त्स’ किंवा ‘स’ येतो: टेन–त्सेन, टंग–त्सुंगं, वॉटर–वासर, ईट–एसन. ‘थ’च्या जागी ‘ड’ येतो: थ्री–ड्राय, थॉर्न–डॉर्न. ज्या क्रियापदांना आपण अनियमित म्हणून घोकवतो, त्यांचीही तीच गत. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. जर्मनमध्ये ट्रिंकन, ट्रांक, गेट्रुंकन. स्वर बदलून काळ दाखवण्याची ही फार जुनी रीत आहे. तिला अपवाद म्हणणे मला पटत नाही.

या कुळाच्या शोधात संस्कृतचा वाटा किती मोठा, हे आपल्या विद्यार्थ्यांना तर सांगायलाच हवे. याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमाने ‘पितृ’मधल्या ‘प’च्या जागी ‘फादर’मध्ये ‘फ’ कसा येतो, ‘दन्त’मधल्या ‘द’च्या जागी ‘टूथ’मध्ये ‘ट’ कसा येतो, हे उलगडले. पण एक कोडे उरले. ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ या दोन्हींत ‘त’ असताना जर्मनमध्ये एक ‘ब्रूडर’ आणि दुसरा ‘फाटर’ का? डॅनिश पंडित कार्ल व्हेर्नर याने १८७७ साली उत्तर दिले, ते वैदिक स्वरांच्या आधारे. ‘भ्राता’मध्ये उदात्त, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर, ‘पिता’मध्ये शेवटच्या, त्या आघाताने जर्मानिक व्यंजनाची वाट ठरवली. हा आघात खुद्द जर्मानिक भाषांतून केव्हाच पुसला गेला होता. आपल्याकडच्या वेदपाठकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत जपला, म्हणून युरोपातला हा गुंता सुटला. आपल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात याला एक पानही नसावे, याचे मला मनापासून दुःख होते.

लॅटिन धातूंच्या याद्या आपण स्पर्धा परीक्षांसाठी आवडीने शिकवतो. तेवढीच जागा या घरगुती शब्दांना द्या. जर्मन शिकवणाऱ्या सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलवा, दोन्ही भाषांतले वीस शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि त्यांतला नियम मुलांनाच शोधू द्या. शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात हा विषय यावा, असा ठराव या परिषदेने उद्याच्या खुल्या अधिवेशनात मंजूर करावा, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.