कुत्र्यांची लूत

एखाद्याची अवहेलना करायची झाली, की मराठीत त्याला लूत लागलेल्या कुत्र्याची उपमा देतात. या उपमेत रोगाची किळस आहे, तशीच रोग्याला दाराबाहेर काढण्याची जुनी रीतही आहे. कालपर्यंत मुलांच्या उशाशी निजणारे कुत्रे अंग खाजवू लागले, त्याचे केस झडले, की त्याची रवानगी प्रथम अंगणात आणि मग रस्त्यावर होते. वास्तविक हा रोग बरा होतो. मात्र तो कोणत्या जातीचा, हे आधी ओळखले पाहिजे.

लूत कोळ्याच्या कुळातील अतिसूक्ष्म किडींमुळे होते. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात ‘सार्कोप्टिस’ किडीची मादी कातडीत बोगदे खणून अंडी घालते. कानांच्या कडा, कोपरे व पोट यांना असह्य खाज सुटते. ही लूत इतर कुत्र्यांना झपाट्याने लागते आणि माणसालाही काही काळ खाज आणते. दुसरी कीड ‘डेमोडेक्स’. ती केसांच्या मुळाशी राहते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दूध पिताना ती आईच्या अंगावरून पिल्लाकडे येते आणि निरोगी कुत्र्याच्या अंगी निरुपद्रवीपणे नांदते. प्रतिकारशक्ती खचली, की ती माजते. माणसाला ती लागत नाही.

पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, ती या निवाड्यासाठीच. लूत पहिल्या प्रकारची असेल, तर घरातील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात; अंथरूणही धुवावे लागते. दुसऱ्या प्रकारची असेल, तर शक्ती खचण्याचे कारण शोधावे लागते. तेथे खाज शमवण्यासाठी स्टेरॉइड दिले, तर रोग उलट बळावतो.

मोटारीचे जळके तेल फासण्याचा उपाय अजून प्रचारात आहे. कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. आज त्याचे कारणच उरलेले नाही. जपानच्या मातीतील एका जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन या औषधाचा उगम झाला. त्या शोधाच्या कर्त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना तेच औषध घातक ठरू शकते. म्हणून औषध व मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. अलीकडे पोटात घ्यावयाच्या गोळ्याही गुणकारी ठरल्या आहेत.

केस पुन्हा उगवण्यास अवधी लागतो. सांसर्गिक लूत असेल, तर कुत्र्याला वेगळे ठेवावे, पण घालवून देऊ नये. रस्त्यावर सोडलेले कुत्रे स्वतः झिजते आणि वस्तीतील इतर कुत्र्यांना रोग देते. घरी राहून औषध मिळालेले कुत्रे बहुधा पूर्ववत होते.