आदर्श नगर आणि आपले घर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



‘ज्युबिली’ हा शब्द आपण आज पताकांवर लिहिला आहे. त्याचे मूळ पवित्र शास्त्रात, लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात आहे. दर ५०व्या वर्षी देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, आणि दैन्यापायी जो परक्याच्या दास्यात गेला असेल त्याने आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत जावे, अशी तेथे देवाची आज्ञा आहे. स्वातंत्र्य आणि घर ही दोन्ही देवाने एकाच आज्ञेत गुंफली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मनुष्याने मात्र सुखी समाजाचे नकाशे काढताना या दोहोंची वारंवार ताटातूट केली आहे. १५१६ साली थॉमस मोर या इंग्रज विद्वानाने ‘युटोपिया’ हे पुस्तक लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले. त्यातील कल्पित बेटावर कोणी दरिद्री नाही, कोणी आळशी नाही, कोणास सोन्याचा लोभ नाही. परंतु तेथे एका कुटुंबात प्रौढ माणसे दहांहून कमी वा सोळांहून अधिक असू नयेत असा नियम आहे. अधिक झालेली माणसे दुसऱ्या घरात नेऊन घालावयाची. परगावी जावयाचे तर परवाना हवा. परवान्यावाचून दुसऱ्यांदा सापडला, तर त्याच्या कपाळी गुलामी. भाकरीची ददात नाही, परंतु उंबरठा आपला नाही. हे बेट मोर यांनी आदर्श म्हणून रंगविले की वाचकाच्या डोळ्यांत अंजन घालण्यासाठी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. तथापि ते निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. कारण तसल्या नियमांची वसाहत आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी प्रत्यक्ष भोगली आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो आपल्या प्रांतासही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींत जन्मास येणे हाच अपराध ठरला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची ‘सेटलमेंट’ वसली. हेतू सुधारणेचा सांगितला जाई, आणि तो सर्वस्वी खोटा होता असेही नाही. तेथे शाळा होती, गिरणीत काम होते, डोक्यावर छप्पर होते. परंतु त्याबरोबर हजेरी होती, पास होता, आणि मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार कायद्याने सरकारास दिला होता. वर्तणूक चांगली ठरली म्हणजे कुटुंबास तारेबाहेर ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे. देवाने जन्मतः जे दिले, ते सरकारने बक्षीस म्हणून परत करावयाचे! देशातील अशा काही वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थेने चालविल्या, हे आपण खाली मान घालून आठवावे. भले करण्याची इच्छा असली म्हणजे दुसऱ्याच्या घरावर सत्ता चालविण्याचा हक्क मिळतो, हा भ्रम केवळ दुष्टांनाच होतो असे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, आणि ती माणसे ‘विमुक्त’ म्हणविली जाऊ लागली.

आता आपल्या गावाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचे उल्हासनगर झाले. बराक ही शिपायांसाठी बांधलेली. तीत रांगेने खाटा मांडाव्या, संसार नव्हे. एका छपराखाली अनेक कुटुंबे आली, तेव्हा मध्ये चादरीचे व गोणपाटाचे पडदे लागले. त्या पडद्याने खोकलाही अडत नसे, मग भांडण कोठून अडणार! तरी तो पडदा सांगे की, येथून पुढे आमचे घर आहे. छप्पर सरकारास देता येते. घर कोणत्याही हुकुमाने होत नाही.

परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात, कुटुंब हे राज्याच्या आधीचे असून त्याचे हक्क राज्याने दिलेले नव्हेत, असे शिकविले. हे ऐकून आपण आनंदाने माना डोलावतो, कारण तेथे बोट सरकाराकडे असते. आज ते बोट मी आपणाकडे वळवू इच्छितो.

अंबरनाथ-बदलापूरच्या दोन खोल्यांत आपण आईबापही एक लहानसे युटोपिया चालवीत नाही काय? मुलाने कोणता धंदा धरावा, मुलीने कोणाशी बोलावे, हे सारे आपण तिच्या भल्यासाठीच ठरवितो. वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, नगरकडचे असे आपण सर्व वेदीपुढे एका भाकरीचे वाटेकरी होतो. आणि मुलीने त्यांतलाच एक मुलगा पसंत केला, तर “तो आपल्यातला नव्हे” असे म्हणून दार लावून घेतो. बंधुहो, १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेपुढे, आईबापांच्या संमतीवाचून झालेली लग्ने रद्द ठरवावी, अशी मागणी फ्रान्सच्या राजाच्या वतीने आली होती. धर्मसभेने अशा लग्नांस नापसंती दर्शविली, परंतु ती मागणी मान्य केली नाही. वधूवरांनी आपखुशीने दिलेला शब्द हाच लग्नाचा प्राण होय. आजही धाकाने वदविलेल्या ‘होय’ने धर्मशास्त्राप्रमाणे लग्न होत नाही.

मग आईबापांनी मौन धरावे काय? मुळीच नाही. सल्ला द्यावा, धोका दाखवावा, प्रार्थना करावी. आणि मुलांनीही चौथी आज्ञा स्मरून त्यांचे म्हणणे आदराने ऐकावे. परंतु शेवटचा शब्द ज्याचा आयुष्यभराचा भार, त्याचाच असावा.

याचा धडा खुद्द मोर यांनीच घालून दिला. १५३४ साली राजाने मागितलेली शपथ नाकारल्यामुळे ते लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवान झाले. लाडकी कन्या मार्गारेट हिने, देवाच्या नियमास बाध न येईल तेथवर, अशी पुस्ती जोडून ती शपथ घेतली होती. तिने तुरुंगात येऊन बापासही तशी विनवणी केली. त्यांनी तिचे ऐकले नाही, आणि तिला दोषही दिला नाही. दोघांची मते मिळाली नाहीत. माया मात्र तसूभरही उणी झाली नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला, आणि १९३५ साली परमगुरू अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. ज्यांच्या कल्पित नगरात प्रत्येक घराला मोजमाप होते, त्यांच्या स्वतःच्या घरात मुलीच्या मनाला मोकळीक होती.

आज उत्सव संपवून आपण घरोघर जाऊ. आपल्यापैकी कोणाच्या घरचा मुलगा वा मुलगी मनाविरुद्ध लग्न केले म्हणून दुरावली असेल, तर आज रात्री त्या घरी निरोप जावा. ज्युबिलीची द्वाही त्यासाठीच फिरवावयाची असते. प्रभू येशू, पवित्र मरिया व संत योसेफ आपल्या कुटुंबांस आशीर्वाद देवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.