गरोदरपणातील रक्तदाब : देशोदेशीचा अनुभव



गरोदर बाईचे पाय सुजले की घरात म्हणतात, "या दिवसांत असे व्हायचेच." पुष्कळदा ते खरेही असते. पण त्याबरोबर डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर ते 'चालायचेच' नव्हे. आज आम्ही याच विषयावर चार शब्द सांगणार आहोत.

वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड यांवर परिणाम दिसू लागला, तर त्यास प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याचे मूळ वारेत असते. पुढे झटके आले की तो एक्लॅम्पसिया. सुरुवातीस बाईला काहीच जाणवत नाही, हाच मोठा धोका.

हा विकार गरीब-श्रीमंत पाहत नाही. मरण मात्र पाहते. जगात शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन ते आठ जणींना तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लॅटिन अमेरिकेतील मातामृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश, तर आशिया व आफ्रिकेतील सुमारे एक दशांश मृत्यू गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारांनी होतात. ब्रिटनमध्ये २०१२ ते २०१४ या काळात हे प्रमाण दहा लाखांत एकीहूनही कमी होते. तिथल्या बायका काही वेगळ्या मातीच्या नाहीत. तिथे दर तपासणीला रक्तदाब व लघवी पाहतात आणि दोष दिसताच उपचाराला उशीर करीत नाहीत.

उपचारही महाग नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रिया होत्या. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. खरी सुटका मात्र बाळंतपणानेच होते; आणि त्यानंतरही काही दिवस झटके येऊ शकतात, म्हणून बाळंतिणीचाही रक्तदाब पाहावा.

पहिलटकरीण, जुळे असलेली, आधीपासून रक्तदाब वा मधुमेह असलेली, मागच्या खेपेस हा त्रास झालेली, अशा भगिनींनी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारावे. ज्यांना धोका अधिक, त्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती आपल्या मनाने मात्र घेऊ नये.

बंधूंनो, एक खाडा होईल म्हणून तपासणी टाळू नका. सरकारी दवाखान्यात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते. सासूबाईंनी सुनेला तिथे स्वतः घेऊन जावे आणि रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा. झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. उतारे-अंगाऱ्यात गेलेला तास परत मिळत नाही.

दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत दोन जीव वाचू शकतात, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.