घरच्या घरीं कॉफी भाजण्याचा फिरता डबा

मराठी घरांत चहा हा रोजचा, आणि कॉफी मानाची. पाहुणा आला, रात्रीं भजनाचें जागरण असलें, परीक्षेच्या दिवसांत मुलें उशिरापर्यंत वाचीत बसलीं, म्हणजे शेगडीवर दूध चढतें, त्यांत साखर व जायफळाची किंचित् पूड पडते, आणि कॉफीचा सुगंध माजघरापर्यंत जातो. परंतु या मानाच्या पेयाविषयींचें आपलें ज्ञान बहुधा डब्याच्या झांकणाशींच थांबतें. घरांतील ज्वारी कोणत्या शिवारांतली आणि ती कोणत्या गिरणींत दळली, हें सांगणारी गृहिणी कॉफीच्या पुडीबद्दल मात्र तिच्यावरील छापील नांवापलीकडे कांहींहि सांगूं शकत नाहीं. कॉफी भाजण्याचें काम घराबाहेर गेल्याचा हा परिणाम होय. तें काम पुन्हां घरांत आणतां येईल काय, व आणण्यांत कांहीं अर्थ आहे काय, याचा विचार आज एका साध्या यंत्राच्या आधारें करावयाचा आहे. तें यंत्र म्हणजे निखाऱ्यावर अथवा गॅसवर हातानें फिरवावयाचा पत्र्याचा गोल डबा.

प्रथम मूळ वस्तूची ओळख करून घेऊं. कॉफीचें फळ लहान बोराएवढें असून पिकल्यावर तें लाल होतें. त्याच्या पोटांत सामान्यतः दोन बिया एकमेकींकडे सपाट बाजू करून बसलेल्या असतात. क्वचित् एकच गोल बी असते, तिला व्यापारांत पीबेरी म्हणतात. वाळवून साफ केलेला कच्चा दाणा फिकट हिरवा व कठीण असतो. त्यांत शेंकडा १० ते १२ पाणी असतें. त्याला वास येतो तो गवताचा, कॉफीचा नव्हे. आपण ज्याला कॉफीचा सुगंध म्हणतों, तो दाण्यांत आयता भरलेला नसून भाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटांत उत्पन्न होतो. म्हणूनच उत्तम दाणा वाईट भाजला तर तो वायां जातो.

आतां कोणी विचारील कीं, शेंगदाणे आपण कढईंत भाजतों, मग कॉफीला डबा कशाला? कढईंतहि कॉफी भाजतां येते. इथिओपियांतील घरांत आजहि ती उघड्या तव्यावर भाजतात. परंतु कढईंत दाण्याची जी बाजू लोखंडाला टेकते ती करपते व वरची बाजू कच्ची राहते. अजिंठ्यासारख्या गांवच्या बाजारांत फुटाणे भाजणारा भडभुंजा ही अडचण तापलेल्या वाळूनें दूर करतो. वाळू हरभऱ्याला चोहोंकडून वेढते, म्हणून तो आंतबाहेर सारखा फुलतो. फिरत्या डब्यांत वाळूचें हें काम गरम हवा करते. शाळेंत आपण उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग शिकलों: वहन, अभिसरण व उत्सर्जन. तापलेल्या पत्र्याला दाणा टेकतो तें वहन, डब्यांतील हवा त्याला वेढते तें अभिसरण, आणि समोरच्या तप्त भिंतीची धग त्याला लागते तें उत्सर्जन. हे तिन्ही मार्ग एके ठिकाणीं आणून दाण्याला क्षणभरहि एका जागीं राहूं न देणें, हेंच या डब्याचें सारें तत्त्व आहे.

ही युक्ति जुनी आहे. हातानें फिरवावयाचीं धातूचीं नळकांडीं सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास प्रचारांत आलीं. युरोपांत व अमेरिकेंत पुढील दोनशें वर्षें बहुतेक कुटुंबें कच्चे दाणे विकत घेऊन घरींच भाजीत. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यानें १८६४ सालीं आपोआप रिकाम्या होणाऱ्या मोठ्या भाजणयंत्राचें पेटंट मिळविलें. त्याच दशकांत पिट्सबर्गच्या अर्बकल बंधूंनीं भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत विकण्यास आरंभ केला. आणि १८६८ सालीं जर्मनींतील एमेरिक गांवीं भाजणयंत्रांचा कारखाना निघाला. मोठीं यंत्रें आलीं, पुडी आली, आणि घरचा डबा माळ्यावर गेला.

आपल्या देशांत कॉफीची ओळख मोगल अमदानींतच झाली होती. १६१६ सालीं येथें आलेला एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री, काळें बी पाण्यांत उकळून केलेल्या या पेयाचें वर्णन आपल्या प्रवासवृत्तांत करतो. बाबा बुदन या सत्पुरुषानें सतराव्या शतकांत येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत रुजविल्या, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आज देशांतील सुमारें सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकांत पिकते. दक्षिणेंतील घरांत कोळशाच्या शेगडीवर फिरणारा भाजण्याचा डबा आणि भिंतीला अथवा पाटाला जखडलेली दळण्याची हातचक्की हीं गेल्या शतकांत घरोघरचीं साधनें होतीं. व्यंकोजी राजांच्या काळापासून तंजावरकडे स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि याच संस्कारांत वाढलीं. तेव्हां ही कला मराठी घरास सर्वस्वीं परकी आहे असें म्हणतां येणार नाहीं.

आतां यंत्राची रचना पाहूं. सुमारें १५ सेंटिमीटर व्यासाचा व तितक्याच लांबीचा लोखंडी अथवा स्टेनलेस पोलादी डबा घ्यावा. त्याच्या मध्यांतून आंस जावा, आंसाला एका टोंकास मूठ असावी, आणि दोन उभ्या पायांच्या खांचांत तो आडवा बसावा. डब्याच्या बाजूस दाणे घालण्यासाठीं घट्ट बसणारें झांकण, आणि आंत दोन-तीन अरुंद पट्ट्या तिरक्या बसविलेल्या असाव्या. त्या पट्ट्या दाणे उचलून पुन्हां खालीं टाकतात. असा डबा कोणताहि चांगला पत्राकाम करणारा कारागीर बनवून देईल. मात्र त्याला तीन गोष्टी बजावून सांगाव्या. पहिली ही कीं, जोड झाळून देऊं नये. शिसें व कथील यांची नेहमींची झाळ १८३ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास वितळते आणि कॉफीचा दाणा २०० अंशांच्या वर जातो. म्हणून जोड रिबिटांचा अथवा वेल्डिंगचा हवा. दुसरी, आंतून कल्हई नको; कथील २३२ अंशांस पातळ होतें, व पत्रा दाण्याहूनहि अधिक तापतो. तिसरी, जस्ती किंवा रंगविलेला पत्रा मुळींच वापरूं नये.

डबा किती वेगानें फिरवावा, यालाहि गणित आहे. वेग फार वाढला तर दाणे भिंतीला चिकटून तिच्याबरोबरच फिरूं लागतात, खालीं पडत नाहींत, व ढवळणें बंद होतें. १५ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यांत ही स्थिति मिनिटास सुमारें ११० फेऱ्यांना येते. तेव्हां त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे मिनिटास ४० ते ५० फेरे, हा वेग योग्य. जात्याच्या संथ गतीची संवय असलेल्या हातास तो सहज साधतो. एका वेळीं पाव किलो दाणे पुरेत. भाजतांना दाणा फुगून दीडपट ते दुप्पट होतो. म्हणून डबा एकतृतीयांशापेक्षां अधिक कधींहि भरूं नये.

डबा प्रथम रिकामा तापवून घ्यावा. दाणे घातल्यावर पहिलीं चार-पांच मिनिटें कांहींच घडत नाहीं असें वाटतें. दाणा आपलें पाणी सोडीत असतो. मग हिरवा रंग जाऊन तो पिवळा होतो आणि वास गवताचा न राहतां भाकरी भाजल्यासारखा खमंग येऊं लागतो. पुढें तपकिरी छटा चढते, धूर दिसूं लागतो, आणि नवव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमारास डब्यांतून लाही फुटावी तसा तडतड आवाज येतो. दाण्यांतील वाफ व वायु दाणा फोडून बाहेर पडतात त्याचा हा आवाज. या वेळीं दाण्याचें तपमान २०० अंशांच्या आसपास असतें. हा आवाज ऐकूं येतांच आंच कमी करावी, कारण येथून पुढें दाणा स्वतःहि उष्णता बाहेर टाकूं लागतो व भाजणें झपाट्यानें पुढें जातें. तडतड थांबल्यावर मिनिटा-दीड मिनिटांत डबा उतरविला तर मध्यम भाजलेली कॉफी मिळते. दूध घालून पिणाऱ्यांस थोडी अधिक गडद आवडते. त्यांनीं आणखी थोडें थांबावें. परंतु २२५ अंशांच्या सुमारास दुसरी, अधिक बारीक व जलद तडतड सुरू होते, दाण्यावर तेल येतें, आणि तेथून कोळसा होण्यास फार वेळ लागत नाहीं. येथें घड्याळापेक्षां कान व नाक हेच खरे मार्गदर्शक.

भाजणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच थंड करणें. तापलेले दाणे तसेच ठेवले तर ते आंतल्या आंत भाजत राहतात. येथें आपल्या घरांतील सूप अपूर्व कामास येतें. दाणे क्षणभर चाळणींत झेलून मग सुपांत पाखडावे. तीन-चार मिनिटांत ते थंड होतात आणि त्यांवरील पातळ साल उडून जाते. एकाच क्रियेंत दोन कामें करणारें इतकें स्वस्त उपकरण पाश्चात्य यंत्रकारांनाहि सुचलें नसतें! ही साल फार लवकर पेट घेते, म्हणून काम खिडकीजवळ करावें व डबा प्रत्येक वेळीं झाडून ठेवावा. आंत ठिणगी पडलीच तर आंच बंद करावी, झांकण मात्र उघडूं नये. भाजलेले दाणे एक-दोन दिवस विसावूं द्यावे. त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून पहिल्या दिवशीं बरणीचें झांकण सैल ठेवावें. दोन-तीन आठवड्यांत ते संपवावे, आणि दळावे ते लागतील तेवढेच.

एवढा खटाटोप कशासाठीं? याचें पहिलें उत्तर ताजेपणा. भाजलेला दाणा आठवड्यांत उतरणीस लागतो, दळलेली पूड त्याहून फार लवकर. पण कच्चा दाणा कोरड्या जागीं वर्षभर टिकतो. ज्या घरांत गव्हाची, डाळींची, तिखटाची वर्षाची बेगमी होते, तेथें कॉफीचीहि व्हावी, यांत अवघड कांहीं नाहीं.

दुसरें उत्तर शुद्धतेचें. पुष्कळ पुड्यांत चिकोरी नांवाच्या मुळाची भाजलेली पूड मिसळलेली असते. हें मिश्रण बेकायदा नव्हे. मात्र नियमाप्रमाणें त्यांत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते व प्रमाण वेष्टनावर छापावें लागतें. म्हणजे मानाची म्हणून पाहुण्यापुढें ठेविलेल्या पेल्यांत जवळजवळ अर्धी चिकोरी असूं शकते. चिकोरीचा कडवटपणा व दाट रंग कित्येकांस आवडतो. ती ज्यांना हवी त्यांनीं जाणून प्यावी. शंका असल्यास थंड पाण्याच्या पेल्यांत चिमूटभर पूड टाकून पाहावी: कॉफी बराच वेळ वर तरंगते, चिकोरी लगेच तळाशीं जाऊन पाणी रंगविते. परंतु ज्यानें दाणा स्वतः भाजला, त्याला या परीक्षेची गरजच उरत नाहीं.

तिसरें उत्तर मळेवाल्यासंबंधीं. १९४० नंतरच्या दशकांपासून मळेवाल्यास आपला माल कॉफी मंडळाच्या सामायिक सांठ्यांत द्यावा लागे. ही पद्धति टप्प्याटप्प्यानें शिथिल होऊन १९९६ पर्यंत संपली. आतां लहान शेतकरीहि आपला दाणा थेट विकूं शकतो, आणि घरीं भाजणारें कुटुंब तो थेट विकत घेऊं शकतें. आपल्या महाराष्ट्रांतहि कॉफी पिकते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अजिंठ्याच्या डोंगरावरून ईशान्येस जाऊन पूर्णेचें खोरें ओलांडलें कीं सातपुड्यांत अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा लागतें. तेथें सुमारें ११०० मीटर उंचीवर कॉफीचीं झाडें आहेत. पीक थोडें असतें. थोडें पीक मोठ्या कारखान्याच्या कामाचें नसतें. पाव किलोच्या डब्याला मात्र तें पुरून उरतें. लहान शेताला लहान यंत्रच तारूं शकतें, हा विचार मला या सर्व विषयांत महत्त्वाचा वाटतो.

याविरुद्ध आक्षेप आहेत, व ते मी झांकून ठेवीत नाहीं. पंधरा मिनिटें हात फिरवावा लागतो, घरांत धूर होतो, आणि प्रत्येक घाणा हुबेहूब सारखा उतरत नाहीं. ज्यांना सकाळीं घाई आहे किंवा ज्यांना धुराचा त्रास होतो, त्यांनीं या फंदांत पडूं नये. जवळच्या भाजणाऱ्याकडून थोडी थोडी ताजी कॉफी आणावी, तीहि जुन्या पुडीहून बरी. परंतु पाव किलो दाण्यांतून सुमारें २१० ग्रॅम भाजलेली कॉफी निघते, व दर पेल्यास १० ग्रॅम धरले तर वीस-एकवीस पेले होतात. रोज दोन पेले करणाऱ्या घरास दहा दिवसांतून एकदां अर्धा तास द्यावा लागतो. हा कांहीं फार मोठा कर नव्हे.

शिवाय या अर्ध्या तासांत घरांतील मुलांना जें शिकतां येतें, तें वेगळेंच. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याचा जो विचार मांडला, त्याचा घरगुती पाठ येथें मिळतो. भाजण्यापूर्वीं व नंतर दाणे तोलून शेंकडा घट काढावी. मध्यम भाजणींत ती सुमारें १५ निघेल. ती वहींत लिहावी, पुढील घाण्याशीं ताडून पाहावी, चव कशी लागली तेंहि लिहावें. पांच-सहा घाण्यांत मुलास टक्केवारी, उष्णता व निरीक्षण हीं तिन्ही पुस्तकाविना समजूं लागतात; आणि हातानें केलेल्या वस्तूची किंमत काय असते, हेंहि.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या गांवच्या कारागिराकडून असा एक डबा करवून घ्यावा, अर्धा किलो कच्चे दाणे मागवावे, आणि निदान दोन घाणे स्वतः भाजून पाहावे. पहिला घाणा साधारणच उतरेल; दुसऱ्यापासून हात व कान जुळूं लागतील.