कळण्याचे भय



विषयाचे नाव फलकावर वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले आणि आज एच.आय.व्ही.ची रक्ततपासणी! चिटणीसांनी आम्हांस हळूच विचारले होते, "नावात थोडा फेरफार करता येईल का?" आम्ही नको म्हटले. त्यांचा हेतू चांगला होता. पण आमचे आजचे सारे बोलणे या 'हळूच'विषयीच आहे.

हा रोग प्रथम १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत नोंदला गेला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला आणि १९८५ साली रक्तावरून तो ओळखण्याची चाचणी हाती आली. आपल्या देशातील पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत, म्हणजे त्या वेळच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शोधून काढले. रोग ओळखता येऊ लागला खरा, पण ओळखून पुढे काय करावयाचे याचे उत्तर वैद्यांजवळ नव्हते. चाचणीचा निकाल म्हणजे यमाचे बोलावणे, अशीच त्या काळची स्थिती होती. त्या दहाएक वर्षांत लोकांच्या मनात जे भय बसले ते तेव्हा खोटे नव्हते. दुर्दैव असे की औषध आले, आणि भय मात्र बसल्या जागेवरून उठले नाही.

औषधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. हा विषाणू रक्तातल्या ज्या पेशींत शिरतो त्यांना सीडी-४ म्हणतात. त्या शरीराच्या पहारेकरी होत. पहारेकरीच मारले गेले की क्षयासारखे रोग उघड्या दाराने आत येतात. विषाणूवर एकच औषध दिले तर तो थोडक्या काळात रूप पालटून त्याला चकवितो. तीन औषधांना एकाच वेळी चकविणे त्याला साधत नाही, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली. पण किंमत? वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर! आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या माणसाला ते औषध असून नसल्यासारखेच. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे एका परोपकारी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. जगभर हे औषध गरिबाच्या घरी पोचले त्याच्या मुळाशी मुंबईचे हे धाडस आहे. पुढे १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हे उपचार मोफत सुरू केले. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

तरीही एक अडचण उरली होती. पहारेकऱ्यांची संख्या ठराविक आकड्याखाली उतरल्यावाचून औषध मिळत नसे. "आता जा, आकडा उतरला की या," असे सांगून परत पाठविलेली माणसे पुष्कळदा परत येतच नसत. २०१७ पासून हा नियम गेला. ज्या दिवशी निदान, त्या दिवसापासून तो माणूस औषधाला पात्र. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती रोज, जन्मभर घ्यावी लागते. रोग मुळापासून जात नाही, पण दबून राहतो.

दबून राहतो म्हणजे किती? याचे उत्तर शोधण्यात पुण्याचाही हात आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. जोडीदारांपैकी एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. त्यात भोसरीची, तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने चालणारी, संस्था सहभागी होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ साली दिसून आले. पुढच्या अभ्यासांनी तर असे दाखविले की नियमित गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा झाला, की त्या माणसापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही. आम्हांस विचाराल तर या शतकातल्या वैद्यकातली ही एक फार मोठी वार्ता आहे. ती चहाच्या टपरीवर मात्र अजून पोचली नाही.

आता एका घराची गोष्ट सांगतो. नावगाव सांगणार नाही. एक सून पहिलटकरीण. दवाखान्यात गरोदरपणी सर्वांची करतात तशी तिची तपासणी झाली आणि लागण निघाली. सासूबाई म्हणाल्या, "हिनेच घरात आणले." का? तर आधी कळले ते तिचे! बायकांची तपासणी बाळंतपणामुळे आधी होते, म्हणून दोषही आधी त्यांच्या माथी, असा हा न्याय. तिच्या खाटेला लाल अक्षरांची चिठ्ठी लावली गेली. कोणत्या रुग्णालयात, ते सोडून द्या. मुलीने मात्र गोळी एक दिवस चुकविली नाही. उपचार नसतील तर शंभरांतल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. उपचार नीट झाले तर पाचांच्या आत. बाळाला जन्मतःच औषधाचे थेंब दिले, सहाव्या आठवड्याला रक्त तपासले. दीड वर्षाच्या आधी साधी चाचणी बाळाला उपयोगी नाही. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळात उरलेली असतात, म्हणून निराळी तपासणी करावी लागते. दीड वर्षाने शेवटची चाचणी झाली. बाळ निर्दोष.

आणि नवरा? तो तपासणीला गेलाच नाही. "लोक बघतील" म्हणाला. दोन वर्षांनी क्षयाने खंगून आला तेव्हा उशीर झाला होता. त्याची बायको ज्या खिडकीवर महिन्याची गोळी घेई, त्याच खिडकीवर त्याचीही मिळाली असती.

आमच्या ओळखीचे दुसरे एक गृहस्थ ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून आपले केंद्र सोडून दोन जिल्हे ओलांडून जात. एका पावसाळ्यात रस्ता बंद पडला, गोळ्या चुकल्या आणि चालू असलेले औषध बदलावे लागले. त्यांना भय कोणाचे होते? विषाणूचे नव्हे, तुमचे आणि आमचे.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा सांगतो की संमतीवाचून चाचणी करू नये, मोजके अपवाद सोडता निकाल फोडू नये, नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करू नये. कायद्याचे पुस्तक शेजारणीच्या ओट्यावर कोणी वाचीत नाही, ही गोष्ट निराळी.

सभामंडपात शिरताना एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन, पुन्हा हळूच, विचारले की ही तपासणी होते तरी कोठे? त्यांना तेथे दिलेले उत्तर येथे मोठ्याने देतो. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात. पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक बोलतात, मग रक्त घेतात. लागण दिसली तर निरनिराळ्या तीन चाचण्या जुळल्यावाचून ती आहे असे सांगत नाहीत. संशयाचा प्रसंग अगदी अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा यावे लागते, कारण सुरुवातीचे काही आठवडे चाचणीला काही दिसत नाही. आणि जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर दूरध्वनी क्रमांक १०९७. त्यालाही पैसे पडत नाहीत.