खेळपट्टी करणारा आणि कप्तान

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे जसे क्रिकेट, तसे अमेरिकेत बेसबॉल. तिथे जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला. त्याआधी कित्येक वर्षे मोठ्या संघांची दारे काळ्या खेळाडूंना बंद होती. त्याने शिव्या आणि धमक्या सोसल्या, पण खेळ सोडला नाही. आता दरवर्षी त्या तारखेला तिथले सगळे खेळाडू त्याचा 42 क्रमांक अंगावर घालतात.

त्याच्याही जवळजवळ पन्नास वर्षे आधी आपल्या पुण्यात एक मराठी माणूस अशाच कसोटीला उतरला होता. त्यांचे नाव बाळू पालवणकर. जन्म 1876, धारवाडचा. जात चांभार. पुण्याच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी बांधणे ही त्यांची कामे, आणि पगार महिना तीन-चार रुपये. तिथल्या इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्याच चेंडूंवर सराव करी. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायचे पान वेगळे.

नंतर ते मुंबईला आले. आपल्या सुरतेवरून जाणाऱ्या जुन्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली, तिच्या संघातून खेळले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण 114 बळी घेतले.

आता कप्तान कोण व्हायला हवे होते, हे सांगायला पंचांग लागत नाही. पण हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच मिळाले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिन्ही धाकटे भाऊ उत्तम खेळाडू. 1920 मध्ये याच अन्यायावरून शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. मग वाटाघाटी झाल्या आणि बाळूंना उपकप्तानपद मिळाले. अखेर 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्याने सोसले, मान धाकट्याच्या वाट्याला आला.

रॉबिन्सनचेही तसेच झाले. मोठ्या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक काळा माणूस व्हावा, ही इच्छा त्याने 1972 मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. 1975 मध्ये फ्रँक रॉबिन्सन या पदावर बसला. संघात शिरल्यापासून अधिकाराच्या खुर्चीपर्यंत जायला 28 वर्षे लागली.

मंडळी, आपण पलसाण्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलो. कापडाच्या कारखान्यात पाळी करून पोरे रात्री मांडव घालतात, खुर्च्या लावतात, विसर्जनाला ट्रॅक्टरपुढे रस्ता मोकळा करतात. त्यांचे कौतुक आपण माईकवरून करतो. पण आरतीचे ताट कोणाच्या हाती देतो? कार्यकारिणीच्या यादीत कोणाची नावे असतात? आपल्या क्रिकेट संघाचा कप्तान कोणाचा मुलगा म्हणून निवडतो, की खेळ बघून?

बाळूंनाही टाळ्या भरपूर मिळाल्या होत्या. कामाला बोलावणे सोपे असते, मान देताना आपला हात आखडतो. यंदाची कार्यकारिणी निवडताना एवढे ध्यानात ठेवूया.

गणपती बाप्पा मोरया!